लुथुली रस्त्याचा कान

मुसेंबी,

तू मला म्हणाला होतास, "मवालिमू, माझ्यावर कधी लिहिलंत तर एवढंच लिहा, की अख्ख्या नैरोबीत माझ्यासारखा कान नाही." ते मी लिहिणार नाही. तुझ्यावर लिहायचं तर तुझं भांडण लिहायला हवं, कारण भांडण सोडलं तर तुझ्यात लिहिण्यासारखं फार काही नाही. तू चिडशील. चीड. चिडलास की तुझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की तुला वाटतं आपण जिंकलो. मी तुझी मवालिमू, म्हणजे शाळेतली बाई, होते तेव्हाही तुझं हेच होतं. गेसारेला तू जे बोललास ते मी गाळणार नाही, आणि ती तुला जे बोलली तेही गाळणार नाही. आता इथून पुढे मी तुझ्याशी नाही, तुझ्याविषयी बोलते आहे. मधे तोंड घालू नकोस.

तर मुसेंबी. मचाकोसकडचा कांबा जमातीचा माणूस, पन्नाशी उलटलेला, आखूड मानेचा. अर्धं आयुष्य त्याने मटाटूंत, म्हणजे शहरभर धावणाऱ्या खाजगी मिनीबसांत, आवाज बसवण्यात घालवलं. नैरोबीत कॉलेजची पोरं गाडी कुठे जाते हे नंतर बघतात, आधी ती कशी वाजते ते ऐकतात. ज्या मटाटूचा ठोका छातीत बसतो ती भरून निघते, आणि तिच्या मागची शहाणी, शांत गाडी रिकामी उभी राहते. त्यामुळे आवाज बसवणाऱ्या फुंडीला, म्हणजे कारागिराला, गाडीमालक जावयासारखं वागवतात. मुसेंबी गाडीची दारं-खिडक्या लावून आत बसायचा आणि आवाज पूर्ण चढवून दिवस दिवस तारा जुळवायचा. कानात बोळे घाल असं कुणी म्हटलं तर उलट विचारायचा, "आचाऱ्याने नाक दाबून स्वयंपाक करायचा का?"

काम झालं की तो मालकाला बोलवायचा आणि स्पीकरच्या पडद्यावर मक्याचे दाणे ठेवायचा. गाणं सुरू झालं की दाणे टणाटण उडायचे. दाणे खिडकीच्या काचेवर आपटले की काम पसंत. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाड्या त्या वेळी थिका रस्त्यावर दुरून ओळखू यायच्या, आणि तो फुटपाथवर उभा राहून म्हणायचा, "ती माझी."

तो ज्या गॅरेजात काम करायचा ते मालकाच्या मुलांकडे गेलं, मुलांनी आपली माणसं आणली, आणि मुसेंबी लुथुली रस्त्यावर आला. तिथे एका दुकानाची प्लायवूडने खुराडी केलेली असतात. त्यातलं एक खुराडं त्याने घेतलं आणि हेडफोन विकायला बसला. मक्याचा दाणा हेडफोनला जड पडतो, म्हणून तो नाचणीवर आला. हेडफोनची वाटी उताणी धरायची, तिच्यात चिमूटभर नाचणी टाकायची, आणि मटाटूंच्या दिवसांपासूनचं आपलं ठरलेलं एकच गाणं लावायचं. दाणे थयथय नाचायला लागले की गिऱ्हाईक हसायचं. मुसेंबी हात पसरून म्हणायचा, "बघ! जिवंत आहे." माल खपायचा.

रस्त्याने त्याला 'सिकियो' म्हणायला सुरुवात केली. सिकियो म्हणजे कान. शेजारचे दुकानदारसुद्धा अडलेलं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवायचे: "कानाला विचारा, तो सांगेल." इतरांकडे माल त्याच्याहून बरा होता, जागा मोठी होती. त्याच्याकडे हे एक नाव होतं, आणि लोक त्या नावाकडे यायचे. ते नाव गेलं असतं तर त्या खुराड्यात खोकी आणि धूळ एवढंच उरलं असतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो कुणाचं ऐकून घ्यायचा नाही.

त्या नावाकडे एक दिवस गेसारे आली. गेसारे किसी गावाकडची, पूर्वी एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायची, आणि जिभेला हाड नसलेली बाई. ङ्गारा भागात, माझ्याच इमारतीच्या तळमजल्यावर, तिने गेम खेळायची जागा काढली होती. इंग्लंडातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला निळा रंग. तिच्याबरोबर अपोंदी होती, तिच्याकडे खेळणाऱ्या चमूची म्होरकी. ही मुलगी दिवसा तंत्रशाळेत वीजजोडणी शिकायची आणि संध्याकाळी पडद्यावर माणसं मारायची. शहरातल्या स्पर्धेत चमू उतरणार होता, आणि गेसारेकडचे हेडफोन चिकटपट्टीवर जगत होते.

"पैसे थोडे आहेत आणि पोरांची डोकी मोठी आहेत," गेसारे म्हणाली. "टिकेल असं काही दे."

"टिकायला हवं असेल तर पातेलं घे, गेसारे. माझ्याकडे आवाज मिळतो."

अपोंदी पुढे झाली. "फुंडी, आम्हाला गाणी नाही ऐकायची. पावलं ऐकायची आहेत. मागून कोण येतंय, जिन्यावर आहे की जिन्याखाली, बंदुकीत गोळ्या भरतोय का. तेवढं स्पष्ट आलं की झालं."

"जे गाणं वाजवतं ते सगळं वाजवतं."

"तसं नसतं ना, फुंडी. ठोका जास्त असला की..."

"तू किती मटाटूंत आवाज बसवलास, पोरी?"

मुसेंबीने माळ्यावरून खोकी उतरवली. काळे, जाडजूड हेडफोन, कडेने लाल-हिरवे दिवे लुकलुकणारे, डोक्यावर घातले की मान खाली जावी असे. त्याने नाचणी टाकली. नाचणी नुसती नाचली नाही, वाटीबाहेर उडून गेसारेच्या पर्समध्ये पडली. गेसारेला हसू आलं, आणि हसली की ती फसायची. तिने ते घेतले.

दुसऱ्या दिवशी तो ङ्गाराला संगणकांचा आवाज सुधारायला आला. तिथे सगळ्या हेडफोनांत एक घूं घूं यायची. ती त्याने झटक्यात शोधली. तारांचे जोड संगणकाच्या पुढच्या भोकांतून काढून मागच्या भोकांत घातले, अर्थिंग नसलेली वीजपट्टी फेकून नवी लावली. घूं घूं बंद. हे काम त्याने चांगलं केलं, नाही म्हणणार नाही.

"पण फुंडी, माउस हलवला की अजून एक चर्र येते," अपोंदी म्हणाली. "बारीक. रातकिड्यासारखी."

मुसेंबीने हेडफोन घातला. माउस इकडून तिकडे फिरवला. "कुठे काय?"

"आत्ता, आत्ता आली बघा."

"तुझ्या डोक्यात आहे ती. लवकर झोपत जा."

मग तो संगणकाच्या आवाजाच्या पानावर गेला आणि दिसेल त्या चौकटीत खूण करत सुटला. ठोका वाढवा? वाढवला. लहानमोठे आवाज सारखे करा? केले. चारी बाजूंनी आवाज आल्याचा भास द्या? दिला. त्याने ती निळी खोली आतून मटाटू करून टाकली. पोरांनी खेळ लावला तसा पडद्यातला पहिला बाँब फुटला आणि एका पोराने हेडफोनच डोक्यावरून भिरकावला. मुसेंबीने गेसारेच्या जुन्या स्पीकरलाही हात लावला होता. वरच्या मजल्यावर माझ्या कपाटातल्या बश्या एकमेकींशी बोलायला लागल्या. मी जिन्यातून खाली ओरडले, तर हा मान वर करून म्हणतो, "पोचला ना तुमच्यापर्यंत, मवालिमू? आभार!"

स्पर्धेला आपलेच संगणक उचलून नेलेला गेसारेचा चमू पहिल्याच फेरीत बाहेर पडला. आणि नुसता हरला असता तर चाललं असतं. अपोंदी प्रत्येक डावात पाठीमागून मेली. प्रत्येक स्फोट अंगावर गाडी आल्यासारखा यायचा आणि त्याच्याखाली पावलांचा आवाज चिरडून जायचा. चारी बाजूंचा तो खोटा भास असा, की डावीकडचा माणूस उजवीकडे वाटायचा. समोरच्या चमूतली पोरं शेवटी शेवटी दबक्या चालीनेही येईनात. सरळ धावत यायची, हिला गोळी घालायची आणि हसायची. तिथे जमलेल्या लोकांसमोर तिला कुणीतरी 'बहिरी भिंत' म्हटलं.

पुढच्या शनिवारी गेसारे लुथुली रस्त्यावर आली ती पोतं घेऊनच. काउंटरच्या काचेवर तिने ते उपडं केलं. लाल-हिरव्या दिव्यांचे सगळे हेडफोन एकमेकांत गुंतून बाहेर आले.

"घे तुझी मटाटू परत!"

"काय झालं?"

"माझी पोरं बहिऱ्यासारखी मेली, ते झालं. तुला म्हटलं होतं पावलं हवीत. तू आम्हाला ढोल दिलेस ढोल!"

"तुझ्या पोरांना खेळता येत नाही त्याला मी काय करू? ज्याला नाचता येत नाही त्याने ढोलवाल्याला शिव्या द्यायच्या?"

"ढोलवाला तरी म्हण स्वतःला! कान कसला म्हणवतोस?"

शनिवार असल्यामुळे रस्ता माणसांनी भरला होता. माणसं थांबली. शेजारच्या खुराड्यातला किबे, जो चार्जर विकायचा आणि मुसेंबीकडून गिऱ्हाईक उसनं मिळायची वाट बघायचा, तो स्टूल घेऊनच बाहेर आला. चपातीवाली वांगूई डबा डोक्यावरून उतरवून उभी राहिली.

मुसेंबीने आवाज चढवला. "हा तुझा आवाज ऐकूनच तुझा नवरा पळाला, गेसारे!"

"पळाला ते बरं केलं. तुझ्याकडून हेडफोन घेतला असता तर मी दार लावल्याचंही त्याला कळलं नसतं!"

लोक हसले. मुसेंबी पुढे काही बोलणार, तेवढ्यात अपोंदीने दप्तरातून एक हेडफोन काढला. राखाडी, हलका, फोम कुरतडलेला. एक कॉल सेंटर बंद पडलं होतं, तिथला सगळा माल गिकोंबाच्या जुन्या बाजारात पोत्याने आला होता, जुन्या शर्टांच्या ढिगाशेजारी. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी बनवलेली वस्तू. दिवे नाहीत, ठोका नाही.

"फुंडी, भांडण नको. हा ऐका. माझ्या फोनमध्ये मी खेळातली पावलं भरून आणली आहेत. आधी बाकीचे ऐकू देत, मग तुम्ही ऐका."

तिने तो पहिल्यांदा किबेच्या डोक्यावर चढवला. किबेने डोळे मिटले आणि बोटाने दाखवलं: डावीकडे, डावीकडे, आता मागे. अपोंदीने फोनचा पडदा लोकांकडे धरला होता, पडद्यावरचा माणूस नेमका तसाच चालत होता. मग वांगूईने घातला. आयुष्यात खेळाच्या वाटेला न गेलेली बाई. "अगंबाई, जिना चढतोय मेला," ती म्हणाली, "बूट ओले आहेत त्याचे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुसेंबीने हेडफोन हिसकावून घेतला. कानावर दाबला. एका हाताने दाबला, दोन्ही हातांनी दाबला.

"बंद आहे हा."

"चालू आहे, फुंडी."

"मला शिकवू नकोस. तार तुटली आहे."

"आत्ता तर वांगूईने ऐकलं."

त्याने काउंटरखालची डबी काढली आणि उताण्या वाटीत नाचणी ओतली. एक दाणा हलला नाही. मुसेंबीचा चेहरा उजळला. त्याने हेडफोन ताटासारखा उचलून सगळ्यांना दाखवला. "बघा! मेलेला आहे. मेलेला माल दाखवून मला फसवता? ह्या रस्त्यावर? मला?"

"नाचणीला ऐकू येत नाही, फुंडी," अपोंदी म्हणाली. "तुम्ही माल कायम डोळ्यांनीच तपासलात. आता कानाने सांगा. माणूस कुठे आहे?"

माघार घेता आली असती. दुकान बंद करायची वेळ झाली म्हणता आलं असतं. पण सगळा रस्ता बघत होता, आणि ह्या माणसाने उभ्या जन्मात माघार घेतलेली मला आठवत नाही. त्याने हेडफोन परत घातला, कपाळाला आठ्या घातल्या, थोडा वेळ लावला आणि रुबाबात डावीकडे बोट केलं.

"डावीकडे."

अपोंदीने फोन त्याच्याकडे वळवला. आवाज तिने केव्हाच थांबवला होता.

पहिलं हसू किबेचं. मग सगळे. हसणाऱ्यांत असे कितीतरी होते, ज्यांना तो गेली कित्येक वर्षं आपल्या कानाच्या जोरावर वेड्यात काढत आला होता, त्यामुळे त्यांनी हसताना कसर ठेवली नाही. मुसेंबीने पक्कड घेतली, त्या राखाडी हेडफोनची तार कचकन कापली आणि तुकडा गेसारेच्या पायाशी फेकला.

"हं. आता ऐक पावलं."

"ही तरी तुला ऐकू येतात का बघ," म्हणत गेसारे पाय आपटत निघून गेली.

अपोंदी मात्र लगेच गेली नाही. तिने नाचणीचे दाणे काउंटरवरून गोळा करून त्याच्या डबीत भरले. हे तिने दयेने केलं की अजून टोचायला, ते मला सांगता येणार नाही. मुसेंबीला विचाराल तर टोचायला.

त्याच आठवड्यात तिने ङ्गाराच्या संगणकांवरच्या त्याने केलेल्या सगळ्या खुणा काढून टाकल्या. ठोका उतरवला, तो खोटा भास बंद केला, दोन कानांना दोन सरळ आवाज ठेवले. चर्र घालवायला संगणकाच्या मागे छोटं बाहेरचं साउंड कार्ड लावलं, अंगठ्याएवढं. गिकोंबाच्या पोत्यातले हेडफोन आणले, फोम नवे घातले. चमू काही शहर जिंकायला गेला नाही. पण पाठीमागून मरणं थांबलं, आणि माझ्या बश्या गप्प झाल्या.

लुथुली रस्त्यावर किबेने पुढच्या सोमवारीच तसलेच हेडफोन दोरीला टांगले. वर पाटी: 'पावलांचे हेडफोन'. मुसेंबीकडे कुणी गिऱ्हाईक पाठवेनासं झालं. त्याहून वाईट म्हणजे पोरांनी एक खेळ काढला. त्याच्यासमोर उभं राहायचं, नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. तो बिचकून "हो, हो, आहे, मिळेल" म्हणायचा आणि खुराड्याखुराड्यांतून हशा पिकायचा. मग कुणी खरंच काही विचारलं तरी त्याला ती थट्टाच वाटायची आणि तो अंगावर जायचा. एका खऱ्या गिऱ्हाइकाला त्याने हेडफोनचं खोकं फेकून मारलं. त्यानंतर आपलं ते गाणं तो सकाळपासून पूर्ण आवाजात लावून बसू लागला, म्हणजे कुणी काही बोललंच तर ऐकू न आल्याचं कारण समोर असावं.

घरी त्याने सगळी हकिगत बायकोला सांगितली, अर्थात गेसारेच्या नावाने बोटं मोडत. कालुंडे भाकरीसारख्या सपाट चेहऱ्याची बाई, तिने उगालीचं, मक्याच्या घट्ट उकडीचं, भांडं उतरवलं आणि म्हणाली, "मी रोज दारावर बोटांनी वाजवते. तू उघडत नाहीस. मग लाथ घालते, तेव्हा उघडतोस. मला वाटलं, तुला माझी लाथ आवडते."

"मग तू कधी बोलली नाहीस ते?"

"बोलले ना. हळू बोलले."

ह्यानंतर काही दिवसांनी तो ङ्गाराला माझ्याकडे आला. गेसारेच्या दारावरून जाताना त्याने मान इतकी फिरवली की जिन्याच्या कठड्याला आपटला. वर येऊन खुर्चीच्या टोकावर बसला. चहा दिला, तो बशीत ओतून थंड होईस्तोवर नुसता बघत राहिला.

"मवालिमू, एक काम आहे."

"ओरडू नकोस, माझे कान चांगले आहेत."

"त्याचंच काम आहे." तो दाराकडे बघून घेऊन म्हणाला, "कानाच्या दवाखान्यात तुमच्या नावाने वेळ घ्या. म्हाताऱ्या बाईला कमी ऐकू आलं तर कुणी हसत नाही. मी तुमची पिशवी धरायला म्हणून येतो. आत गेलं की तुम्ही बाहेर बसा आणि मला पुढे करा."

"आणि यंत्र लावायला सांगितलं तर? तेही माझ्याच कानात घालून रस्त्यावर फिरशील?"

"टोपी घालीन."

मला हसू आलं नाही. शाळेत शेजारच्याची उत्तरं बघून लिहिताना हा पकडला जायचा, तेव्हाही त्याचा चेहरा असाच असायचा. पकडला गेल्याचा राग, केल्याची लाज नाही. मी म्हटलं, "वेळ घेते. पण जाताना खाली थांबायचं. त्या मुलीचा हेडफोन तू कापलास, तो तिला भरून द्यायचा. गेसारेच्या समोर, हातात."

"आधी दवाखाना."

"आधी खाली."

"त्या बाईच्या उंबऱ्यावर मी? मवालिमू, बहिरा राहीन मी!"

"राहा."

तो उठला. चहा तसाच. दारात थांबून म्हणाला, "बुधवार बघा. बुधवारी बाजार कमी असतो." म्हणजे त्याचा होकार, असं मी धरलं. नावाचं नाटक त्याचं होतं, मी फोन लावला आणि माझ्या नावावर बुधवारची सकाळ घेतली.

बुधवारी मी तयार होऊन बसले. खिडकीतून फाटक दिसतं. तो आला होता, टोपी घालून, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी, हेडफोनच्या आकाराचं. गेसारे आपल्या दारात स्टुलावर बसून शेंगांतले दाणे सोलत होती, आणि उठायचं नाव घेत नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. आवाज काढला की नाही, ते वरून मला कळलं नाही. नुसती 'ये' म्हणालीही असेल.

मुसेंबी फाटकातूनच परत फिरला. थोड्या वेळाने दवाखान्यातल्या मुलीचा फोन आला, "आजी, निघालात का?" मी म्हटलं, निघाले नाही. पुढचा बुधवार देऊ का, असं तिने विचारलं. द्या म्हटलं. तोही बुधवार गेला. ते कागदातलं पुडकं गेसारेपर्यंत पोचलेलं नाही, आणि दवाखान्यात अजून माझ्याच नावाची वेळ पुढे पुढे ढकलली जाते आहे.